पुढे काय झाले?

आवडलेली गोष्ट संपली की पहिला प्रश्न मनात येतो तो हाच. लहानपणी आजीलाही आपण या प्रश्नातून सोडवत नव्हतो. राजाराणी सुखाने नांदू लागली, एवढ्यावर आपले समाधान होत नसे. मग आजी म्हणायची, “पुढे काय, झोपली ती, आता तूही झोप.” गोष्ट कुठे थांबवावी याचे केवढे शहाणपण त्या उत्तरात होते, हे मला एक इंग्रजी कादंबरी वाचून, तीही फार उशिरा, कळले. त्या कादंबरीने माझी घोर निराशा केली. ती निराशा योग्य होती की नव्हती, याचा हिशेब मी गेले वर्षभर मनाशी मांडतो आहे. तोच इथे मांडायचा आहे.

अर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) ही अमेरिकन लेखिका. वडील आल्फ्रेड क्रोबर नामांकित मानववंशशास्त्रज्ञ, आई थिओडोरा क्रोबर लेखिका. अशा घरात वाढलेल्या या बाईंनी ‘अर्थसी’ नावाचे एक द्वीपांचे जग निर्माण केले. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ साली आले, ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ १९७१ साली आणि ‘द फार्दस्ट शोअर’ १९७२ साली. तिन्ही पुस्तके कुमारवयीन वाचकांसाठी म्हणून प्रसिद्ध झाली. पण ती त्या वयाच्या लोकांपुरती राहिली नाहीत.

ज्यांनी ती वाचली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या जगात प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरे नाव असते आणि जादू म्हणजे ते नाव जाणणे. मंत्र फुकाचा नसतो. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसऱ्या बेटावर अवर्षण पडू शकते. म्हणून जाणता जादूगार शक्यतो जादू करत नाही. गॉन्ट या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा, तापट मुलगा ओगियन नावाच्या अबोल गुरूकडे शिकतो, पुढे रोक बेटावरच्या जादूगारांच्या विद्यालयात जातो, आणि तिथे केवळ ईर्ष्येपोटी मृतात्म्याला हाक मारताना एक काळी सावली जगात मोकळी सोडतो. या मुलाचे खरे नाव गेड. आधी सावली त्याच्या मागे लागते, मग तो सावलीच्या मागे लागतो, आणि शेवटी जगाच्या कडेला दोघे समोरासमोर येतात तेव्हा तो तिला तिच्या नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते. तलवार नाही, युद्ध नाही. फक्त एक नाव. हे पान मी प्रथम वाचले तेव्हा रात्री बराच वेळ दिवा मालवता आला नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गेड गोरा नाही. त्याचा वर्ण तांबूस-तपकिरी, त्याच्या मित्राचा काळा, आणि गोरे लोक या जगात पूर्वेकडचे लुटारू. १९६८ साली अमेरिकेत हे लिहिणे सोपे नव्हते. पुढे २००४ साली दूरचित्रवाणीवर या कथांची मालिका आली तेव्हा गेडच्या भूमिकेत गोरा नट घेतला गेला आणि लेखिकेने त्याचा जाहीर निषेध केला. माझ्यासारख्या वाचकाला मात्र हा जादूगार पहिल्यापासूनच घरचा वाटला होता.

तिसऱ्या पुस्तकात गेड साऱ्या जादूगारांचा प्रमुख आहे. कॉब नावाच्या एका जादूगाराने मरणाच्या भीतीपोटी जिवंत आणि मृत यांच्या सीमेवरचे दार उघडे टाकले आहे आणि त्यातून जगाचे सत्त्व वाहून चालले आहे. गेड तरुण राजपुत्र आरेनला घेऊन मृतांच्या कोरड्या प्रदेशात उतरतो आणि आपली सगळी शक्ती खर्चून ते दार बंद करतो. परत येतो तो रिता होऊन. नव्या राजापुढे गुडघे टेकतो, आणि कॅलेसिन या पुराणपुरुष ड्रॅगनच्या पाठीवर बसून गॉन्टकडे निघून जातो. त्याचे पुढे काय झाले? लेखिका दोन कथा सांगते. एका पोवाड्याप्रमाणे तो राज्याभिषेकाला आला आणि मग आपल्या छोट्या नावेतून एकटाच समुद्रावर निघून गेला. गॉन्टचे लोक म्हणतात, तसे नव्हे. राजा त्याला शोधत आला होता, पण तो डोंगरावरच्या रानात निघून गेला होता. दोन्ही खरे, दोन्ही लोकांच्या तोंडचे. दार किलकिले ठेवून लेखिका उठून गेली. याहून चांगला शेवट मला सुचत नाही.

आणि मग १८ वर्षांनी, १९९० साली ‘तेहानू’ आले. मुखपृष्ठावरच हे अर्थसीचे शेवटचे पुस्तक असल्याची ग्वाही होती. या पुस्तकाला नेब्युला पारितोषिकही मिळाले. मूळच्या वाचकांनी जे अंतर १८ वर्षांत ओलांडले ते मी एका दिवाळीच्या सुटीत ओलांडले. त्यांना आपण वाट पाहत आहोत हेही ठाऊक नव्हते; मला ठाऊक होते, आणि मी ते पुस्तक सणाच्या लाडवासारखे शेवटी राखून ठेवले होते.

पहिल्याच प्रकरणांत माझा विरस झाला. दुसऱ्या पुस्तकातली तेनार आठवा. पाच वर्षांची असताना तिला आईबापांपासून काढून थडग्यांची पुजारीण केले जाते, तिचे नाव हिरावले जाते. भूमिगत चक्रव्यूहात ती गेडला कोंडते, आणि मग त्याच्यासह स्वतःलाही सोडवते. ती तेनार चौथ्या पुस्तकात एका शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा आहे. दोन मुले मोठी होऊन घराबाहेर पडलेली. ओगियनने तिला विद्या देऊ केली होती, ती तिने मध्येच सोडली. आता ती चूल सांभाळते, शेळ्या पाळते. तिने सांभाळायला घेतलेली एक लहान मुलगी आहे. थेरू तिचे नाव. तिच्याच माणसांनी तिच्यावर अत्याचार करून तिला विस्तवात लोटले होते. तिचा अर्धा चेहरा आणि एक हात जळून गेला आहे. ओगियन मरतो. मागोमाग गेड येतो, ड्रॅगनच्या पाठीवरूनच, पण मरणोन्मुख, शक्तिहीन आणि भेदरलेला. राजाची माणसे सन्मानाने न्यायला येतात तेव्हा हा महापुरुष शरमेने डोंगरात लपतो आणि शेळ्या राखतो.

लोकांच्या तोंडी असलेल्या एका सुंदर कथेचा हा जणू पंचनामाच. तो रानात निघून गेला, असे गॉन्टचे लोक सांगत. आता कळले की तो तोंड चुकवून पळाला होता. आणि समुद्र? ज्या जगाच्या नावातच समुद्र आहे त्याच्या या शेवटच्या पुस्तकात सारे जवळजवळ एकाच बेटावर घडते. वाचताना मी कितीदा तरी वैतागून पुस्तक मिटले.

इथवरची माझी तक्रार मी मित्रांना पुष्कळदा ऐकवली आहे आणि टाळ्याही मिळवल्या आहेत. पण वर्षभरात तिच्यातली एकेक वीट निखळत गेली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

पहिली वीट नायकाच्या दुबळेपणाची. पराक्रमी पुरुष उतारवयात हतबल झालेला आपल्याला पाहवत नाही, असे मी म्हणत होतो. पण आपण तर महाभारत ऐकत वाढलेली माणसे. मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर आभीर दरोडा घालतात. गांडीव त्याच्याच्याने धड ओढवत नाही, अस्त्रे आठवत नाहीत, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया पळवल्या जातात. व्यासांनी हे लिहिले म्हणून महाभारत कोणी खाली ठेवले नाही. उलट कुरुक्षेत्राचा अर्थ त्या प्रसंगाने पुरा होतो. मग अर्जुनाला जे क्षम्य ते गेडला का नाही? त्याने शक्ती खर्च केली असे तिसऱ्या पुस्तकात मला फार उदात्त वाटले होते. खर्च केलेली वस्तू हातात राहत नाही, एवढेच चौथे पुस्तक सांगते.

दुसरी वीट तेनारची. तिचे असे का केले, म्हणून मी रागावलो होतो. पुढे तिसरे पुस्तक पुन्हा वाचताना मला एकदम जाणवले की त्याच्या कथेत ती कुठेच नाही. जिने अंधारातून गेडला बाहेर काढले ती कुठे आहे, हे त्या साऱ्या प्रवासात वाचक म्हणून मी एकदाही विचारले नव्हते. मला तिची आठवण झाली ती चौथ्या पुस्तकात ती चुलीपाशी दिसली तेव्हा, आणि तीही ती तिथे शोभत नाही म्हणून! पुढे काय झाले, हा प्रश्न मी फक्त गेडबद्दल विचारला होता. लेखिकेने तो तेनारबद्दल विचारला. १९९२ साली ऑक्सफर्डला दिलेल्या एका व्याख्यानात ल ग्विन यांनी स्वतःच सांगितले की पहिली पुस्तके लिहिताना त्या पुरुष-नायकांच्या जुन्या परंपरेतच लिहीत होत्या. रोकच्या विद्यालयात मुलींना प्रवेश नव्हता आणि बायकांची जादू दुबळी व दुष्ट मानणारी एक म्हण पहिल्याच पुस्तकात होती. ती म्हण मी गॉन्टची शोभा म्हणून वाचून पुढे गेलो होतो.

पुस्तकात एक साधा प्रसंग आहे. तेनारचा मुलगा स्पार्क समुद्रावरून परत येतो. जेवण झाल्यावर आपले ताट उचलणे त्याला कमीपणाचे वाटते. एके काळी साऱ्या जादूगारांचा मुख्य असलेला गेड त्याच स्वयंपाकघरात भांडी घासतो. मी हा प्रसंग कंटाळवाणा म्हणून भराभर उलटला होता. दुसऱ्या वाचनात त्याच पानावर थांबलो, कारण आमच्या घरी मी ताटावरून कसा उठतो ते मला आठवले. त्याविषयी अधिक लिहीत नाही. आमच्या घरीही हा अंक वाचला जातो.

तेव्हा निराशेचे दोन प्रकार करावे लागतात असे मला वाटते. आपल्याला जे हवे होते ते पुस्तकाने दिले नाही, ही एक निराशा. तिचा जाब पुस्तकाला विचारता येत नाही. पण पुस्तकाने जे करायचे मनात धरले तेच त्याला साधले नाही, ही दुसरी निराशा. आणि ती मात्र लेखकाच्या पदरात घालावीच लागते. माझा पहिला हिशेब चुकला होता. पण तो पुसून टाकल्यावरही दुसरा शिल्लक राहतोच.

या पुस्तकाचा खलनायक पाहा. अ‍ॅस्पेन हा जादूगार कॉबचाच छुपा चेला, जमीनदाराच्या वाड्यावर राहणारा, बायकांचा द्वेष करणारा. पहिल्या पुस्तकातली सावली ही गेडचीच सावली होती, म्हणून तिची भीती वाटली. कॉबची मरणाची भीती आपल्या सर्वांची होती, म्हणून त्याची कीवही आली. अ‍ॅस्पेन कोणाचाच कोणी नाही. तो दुष्ट आहे कारण त्याला दुष्ट असायचे आहे. स्त्रियांच्या वाट्याला येणारा अन्याय चांगल्या घरातून, प्रेमळ माणसांच्या हातून, ताट न उचलण्यातून कसा होतो, हे जिने इतके बारकाईने दाखवले तिनेच शेवटी तो सारा अन्याय एका काळ्या मनाच्या माणसात कोंबावा, याचे वाईट वाटते. स्पार्कच्या एका ताटात अ‍ॅस्पेनच्या साऱ्या मंत्रांहून अधिक सत्य होते.

दुसरी गोष्ट नियमांची. जादूगारांना ब्रह्मचर्य पाळावे लागते, माणसे आणि ड्रॅगन मुळात एकच होते, या गोष्टी आपल्याला इथे प्रथम स्पष्टपणे सांगितल्या जातात. ज्या जगाचा सगळा डौल ‘नाव एकदा दिले की बदलत नाही’ यावर उभा, तिथे खेळ संपल्यावर नियम सांगितले जावेत हे खटकते.

पण माझे खरे दुखणे थेरूच्या बाबतीत आहे. जळालेली ती मुलगी हा या कादंबरीचा प्राण. लोक तिच्याकडे पाहून मान वळवतात. तिला जाळणाऱ्यांपैकी माणसे पुन्हा तिच्या वाटेवर येतात. रात्री घरावर चाल करून येतात तेव्हा गेड त्यांना जादूने नव्हे, तर गवत उपसायच्या काट्याने अडवतो. कितीही मोठी जादू केली तरी जळलेला हात पुन्हा उगवणार नाही, हे पुस्तक सतत सांगत असते. उपाय एकच, रोजची काळजी. मुलीला जेवू घालायचे, गोष्ट सांगायची, तिला घाबरायचे नाही. इतके अवघड आणि इतके खरे सूत्र या प्रकारच्या कादंबरीत मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आणि शेवटी काय होते? अ‍ॅस्पेन तेनार आणि गेडला मंत्राने बांधून, जनावरासारखे ओढत कड्यावर नेतो. थेरू धावत जाऊन कॅलेसिनला हाक मारते. ड्रॅगन आकाशातून येतो आणि दुष्टांना जाळून टाकतो. मग उलगडते की थेरू ही खरी तेहानू, ड्रॅगनचीच लेक.

वाचताना अंगावर काटा आला, हे खोटे नाही. पण पुस्तक मिटल्यावर मनात आले, ती ड्रॅगनची लेक नसती तर? आपल्या आसपासच्या जळालेल्या, टाकलेल्या मुलींच्या हाकेला कुठलाही कॅलेसिन ओ देत नाही. त्यांच्यापाशी गुप्त थोरवी नसते; असते फक्त जळालेले शरीर आणि जगायची इच्छा. थेरू केवळ थेरू म्हणून मान मिळण्यास पात्र आहे, असे दोनशेहून अधिक पाने पटवून दिल्यावर शेवटच्या काही पानांत ती कोणीतरी थोर असल्याचा दाखला जोडायचे काय कारण होते? आगीने केलेल्या अन्यायाचे निवारण पुन्हा आगीनेच करायचे, तर मग मधली ती सारी चूल, ती सारी शेवाशुश्रूषा कशासाठी होती?

इथे मला भवभूतीची आठवण होते. रामकथेचा गोड शेवट अयोध्येच्या राज्याभिषेकात होऊन गेला होता. उत्तरकांडाने तो मोडला. विदर्भातल्या पद्मपुराच्या या नाटककाराने ‘महावीरचरिता’त राज्याभिषेकापर्यंतची कथा सांगितली, आणि ‘उत्तररामचरिता’त ती पुढे नेली. पहिल्याच अंकात राम आणि सीता आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत असतात. उत्तरार्धाने पूर्वार्धाकडे कसे पाहावे याचा तो वस्तुपाठच आहे. शेवटी भवभूतीलाही देवतांचा आधार घ्यावा लागतो. गंगा आणि पृथ्वी सीतेला सांभाळतात, सातव्या अंकात तिला परत आणतात. पण त्याआधी रामाला गंगेकाठी बसून नाटकातले नाटक पाहावे लागते. आपण टाकलेल्या सीतेचे काय झाले, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते. दैवी साहाय्य दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की ‘तेहानू’त कोणालाच काही पाहावे लागत नाही. अ‍ॅस्पेन जळून जातो. मान वळवणारे गावकरी मान वळवलेलेच राहतात. स्पार्क शेताचा मालक होतो आणि त्याचे ताट कोण उचलणार, हा प्रश्न तसाच राहतो.

हे शेवटचे पुस्तक असल्याचा शब्द लेखिकेला पुढे स्वतःलाच पाळता आला नाही. २००१ साली अर्थसीची आणखी दोन पुस्तके आली, एक कथासंग्रह आणि एक कादंबरी. त्यांत रोकच्या विद्यालयाच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता हे कळते, तेहानूचे पुढे काय झाले तेही कळते. ल ग्विन गल्ल्यावर डोळा ठेवून उत्तरार्ध लिहिणाऱ्या लेखिका नव्हत्या. आपलेच पुस्तक आपल्याला पुरले नाही, असे वाटून त्या परत परत त्या बेटांवर गेल्या. त्या अस्वस्थतेबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण आदर वाटतो म्हणून शेवट पटला असे म्हणवत नाही.

कोणी विचारले, हे पुस्तक वाचावे का, तर मी ‘वाचावे’ असेच म्हणेन. मात्र तिसऱ्या पुस्तकानंतर काही महिने जाऊ द्यावेत. सुटीतल्या माझ्या घाईचा काही दोष माझ्या निराशेतही असेल. तिसरे पुस्तक मी अजूनही तिथेच मिटतो, जिथे ड्रॅगन गॉन्टच्या दिशेने दिसेनासा होतो. पण पहिले पुस्तक आता मला पूर्वीसारखे वाचता येत नाही. बायकांच्या जादूविषयीची ती म्हण आली की मी थांबतो, आणि वाचून पुढे जाणारा तो जुना वाचक मला थोडा परका वाटतो. आवडत्या पुस्तकातले एवढे सुख चौथ्या पुस्तकाने माझ्याकडून कायमचे काढून घेतले आहे. ते परत मागावे की नाही, हे मात्र माझे अजून ठरलेले नाही.